दोन तारखांच्या मध्ये

रत्नागिरीच्या कोर्टासमोर निहारचं झेरॉक्सचं दुकान आहे. फाल्गुनातल्या एका टळटळीत दुपारी वैष्णवी तिथे आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून चौपदरी घडीचा एक कागद तिने जपून बाहेर काढला.

“दोन प्रती द्या. जरा सांभाळून… माझी काडीमोड आहे ती.”

निहारने घडी उलगडली. चार वर्षांपूर्वी पूर्णगडच्या गावकीने देवळात बसून, काडी मोडून, वैष्णवी आणि रूपेश यांचं लग्न मोडलं होतं. खाली जाणत्यांच्या तीन सह्या, दोन अंगठे.

“कागदाला मासळीचा वास येतोय,” तो हळूच म्हणाला.

“मग काय मोगऱ्याचा येणार? सुरमई विकते मी!”

तो हसला. तिलाही हसू फुटलं – आणि लगेच तिने मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना!

रेशनकार्डावर नाव पुन्हा आईकडे लावायचं होतं, पण कचेरीतल्या बाईंनी कोर्टाचा हुकूम मागितला होता. निहारने तिला जिन्यावरच्या दीपाली वकिलांकडे पाठवलं.

“गावकीची काडीमोड कधी कधी कोर्टात टिकते,” वकीलबाई म्हणाल्या, “पण तुमच्यात तशी रूढी आहे हे साक्षीपुराव्याने सिद्ध करावं लागतं. या पाचांतले किती हयात आहेत?”

“दोघं. त्यातल्या एकाला आता काही आठवत नाही.”

“मग कायद्याच्या नजरेत तू अजून रूपेशचीच बायको.”

वैष्णवीच्या पायाखालची वाळू सरकली. एके काळी काडी मोडली की मोडली. बाई माहेरी यायची, पुढे दुसऱ्या घरी नांदायला जायची, कागद कोण विचारतो? तशाच भरवशावर हिने चार वर्षं काढली होती.

वाट होती, पण अरुंद. दोघांनी संमतीने अर्ज करायचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी हजर राहून ‘होय’ म्हणायचं.

“मधेच त्याने मन बदललं तर?”

“तर हा अर्ज बुडाला. मग भांडत बसायचं, वर्षानुवर्षं.”

पहिल्या तारखेला रूपेश मुंबईहून आला, सही केली आणि जाताना म्हणाला, “पुढचं बघू.” त्या एका ‘बघू’ने तिची झोप उडवली. रूपेश तिला पाठ होता. स्वतःला नको असलेली वस्तूही दुसऱ्याच्या हातात दिसली की त्याला ती हवी व्हायची.

आणि नेमके तेच महिने… मेलं मन कुणाचं ऐकतं? बाजार आटोपला की तिची पावलं कोर्टाच्या रस्त्याला वळायची.

“आज कशाची झेरॉक्स?”

“आधारकार्डाची.”

“कालच काढलीत की.”

“मग? आज फोटो बरा येईल.”

“कालही बराच होता…”

“गप बसा हो! कुणी ऐकलं तर?”

“ऐकू दे.”

“तुमचं काय जातं? तुम्हाला कुठे नवरा आहे!”

श्रावणातली सर पत्र्यावर ताडताड वाजायची, आणि तेवढा वेळ तिला थांबायला कारण मिळायचं. प्रत देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली की ती चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायची. तिला तो स्पर्श नको होता असं नाही… हवा होता, म्हणूनच भीती.

दुसरी तारीख गणपतीनंतर लगेच होती. रूपेशचं घर तिच्याच वाडीतलं, सगळे चाकरमानी गावी आलेले. घरोघरी आरतीला माणसं जमत होती, आणि आरतीनंतर गप्पा-गजाली. रूपेशच्या घरातून कुणी मोठ्याने हसलं तरी वैष्णवी पुढ्यातलं ताट सरकवून उठायची.

“काय गो बाय, ताप आलाय काय?” आई विचारायची.

“नाय गो,” ती म्हणायची.

तारखेला रूपेश आला. कोर्टाच्या व्हरांड्यात तो थेट तिच्यासमोर उभा राहिला.

“झेरॉक्सवाला म्हणे?”

दहा पावलांवर निहार दीपालीताईंचे कागद घेऊन उभा होता, पुतळ्यासारखा. नाही म्हटलं असतं तर? वाचली असती कदाचित. पण खोटं बोलून सुटायचं आणि पुन्हा आयुष्यभर मागे वळून बघायचं…

“होय,” ती म्हणाली. “आवडतो मला. त्याला अजून मी सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते.”

निहारच्या हातातले कागद फरशीवर पसरले.

तेवढ्यात पुकारा झाला. आत न्यायाधीशांनी आधी रूपेशला विचारलं, “तुमची संमती कायम आहे?”

रूपेशने वळून वैष्णवीकडे पाहिलं. डोक्यावरचा पंखा करकरत होता. वैष्णवीने पदर मुठीत आवळला.

“होय साहेब,” शेवटी तो म्हणाला. “कायम.”

बाहेर आल्यावर तो क्षणभर थांबला. “संसारात कधी माझ्या डोळ्यांत बघून बोलली नाहीस. आज बोललीस,” म्हणाला, आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.

निकालाची प्रत हातात आली, त्या दिवशी निहारने दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं आणि बाहेर तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

“नोंदणी लग्नाची नोटीस कचेरीतल्या फलकावर लागते,” तो अडखळत म्हणाला. “तीस दिवस. तुझं नाव, माझं नाव, शेजारी शेजारी. येणारा-जाणारा वाचेल, वाडीत बोभाटा होईल… चालेल तुला?”

वैष्णवीने त्याचा हात आपल्या हातात घेतला. भर रस्त्यात, भर दुपारी.

“तीसच दिवस?” ती म्हणाली.