चार नंबरचं चॅनेल

विमान प्रशिक्षण केंद्रातून लेकीसोबत शिकणारा वीरेंद्र येणार होता, रेडिओ परत न्यायला. देवीदासनं दाढी केली, धुतलेला सदरा घातला. आयुष्यभर सौसर गावातल्या विजेच्या खांबांवर चढून तारा जोडलेला माणूस तो. यंत्र परत द्यायचं तर पुसून द्यावं, एवढं त्याला कळत होतं. पण पुसता पुसता आवाज काही तो बंद करेना. तीन महिने घरात ती खरखर दिवसभर चालू होती आणि बायकोच्या, इंदूच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

रेडिओ मुठीत मावेल एवढा. लेकीनं, दीपालीनं सुट्टीत घरी आणला होता आणि चार नंबरवर केंद्राचं चॅनेल साठवून दिलं होतं.

"बाबा, चार दाबलं का मी बोलीन ते ऐकू येईन. पावणेतीनले घरावरूनच जातो आमी. अन् हे स्क्वेल्चचं बटण. वाढवलं का खरखर थांबते. पण लय वाढवू नका, बारीक आवाजही गिळून टाकते ते."

लेक वैमानिक होणार म्हणून बापाला गगन ठेंगणं झालं होतं. रोज पावणेतीनला स्वारी गच्चीवर. विमान दिसो न दिसो, तिचा आवाज आला की मोहगाव रोडवरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगे.

आणि एका दुपारी इंदूचं डोकं दुखत होतं, म्हणून या शहाण्यानं स्क्वेल्च पुरतं चढवलं. रेडिओ गप्प. आज पोरीनं उडवलं नसेल, असं समजून तो घोरत पडला. संध्याकाळी फोन आला. इंजिन बंद पडून दीपालीचं विमान टेकडीवर कोसळलं होतं. मागच्या विमानातल्या पोरानं नंतर सांगितलं, तिचा आवाज अगदी बारीक येत होता. शेवटी ती बापालाच हाका मारत होती.

तेव्हापासून स्क्वेल्च शून्यावर. एकदा, फक्त एकदा तिचा आवाज कानी पडावा, याहून जास्त त्या माणसाला जगाकडून काही नको होतं.

वीरेंद्र अडीचला आला. इंदूनं चहा ठेवला.

"काका, चॅनेल पुसून द्या लागते..."

"पावणेतीन होऊ दे. मंग ने."

पावणेतीन झाले. खरखर एकदम थांबली. पडद्यावरच्या सिग्नलच्या रेघा मात्र पूर्ण भरल्या होत्या.

"रोज असंच होते," देवीदास हळूच म्हणाला.

वीरेंद्रचा चेहरा उतरला. "कोणी बोलायचं बटण दाबून धरलं अन् बोललंच नाही, तं असं होते, काका."

"कोण हाय मंग?"

"हे चॅनेल आमी सोडलं. तिच्यानंतर नवीन घेतलं. याच्यावर आता कोणीच नसते..."

देवीदासनं रेडिओ कानाला लावला. "दीपा... बोल ना माय. आता नाही लावलं मी स्क्वेल्च."

काहीच नाही. मग खरखर परत आली. वीरेंद्रनं चॅनेल पुसलं. चार नंबरवर नुसत्या आडव्या रेघा उरल्या. चहा तसाच ठेवून पोरगा रेडिओ घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी घर कसं सुनं सुनं होतं. देवीदास पंख्याखाली बसला होता, इंदू समोर भाजी निवडत होती. पावणेतीनला पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरतच होता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचाही आवाज नाही. बाहेरची चिमणीसुद्धा नुसती चोच हलवत होती.

इंदूनं मान वर केली. ती त्याच्या खांद्यामागे पाहत होती. तिचे ओठ हलू लागले. तिनं मान डोलावली, हसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा काही बोलली. देवीदासला अक्षरही ऐकू येईना. तो ओरडला, तर स्वतःचा आवाजही त्याला ऐकू आला नाही.

मग पंखा पुन्हा घरघरू लागला.

"कोण... कोणाशी बोलून राहिली तू?"

इंदू रडत होती. "एवढ्या हाका मारल्या तिनं तुमाले... तुमच्या बाजूलेच तं उभी होती. एक डाव 'हो' काऊन नाही म्हटलं?"

देवीदासनं खाली पाहिलं. इस्त्रीच्या सदऱ्याची डावी बाही कोपरापाशी चुरगळली होती, कोणी घट्ट धरून ओढावी तशी.