सौसरच्या स्टेडियमची ओली पायरी

"बॉल घे आन् चाल," सौरभ म्हणाला, पण मानसी स्टेडियमच्या पायऱ्यांपासून हलेना. मे महिन्याचं ऊन, जवळपास नळ नाही, तरी खालची पायरी आज पुन्हा ओली! तिचं डोकंच चालेनासं झालं.

या पायऱ्या खचत चालल्या म्हणून स्टेडियम समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव त्या पाडायला निघाले होते. तसं झालं तर फुटबॉल लीगचा सामना नागपूरला जाणार. मानसीचा गजेंद्रमामा पहिल्यांदाच गोलकीपर म्हणून उतरणार होता, आणि तो सौसरात खेळावा म्हणून तिचा जीव तुटत होता.

"खाली झरा असंल," सौरभ म्हणाला.

"मंग काल दिवसभर कोरडी काहून होती?" मोहगावहून सुट्टीला आलेल्या आतेबहिणीनं, अमितानं विचारलं.

तेवढ्यात पुंडलिकराव आले. "माह्या बापानं बांधलं हे. लोकांनी नाल्यातले दगड बैलगाडीनं आणले. हिरवळीले पाणी आमच्याच विहिरीचं."

"ते इथवर कसं यायचं, आजोबा?" मानसीनं विचारलं.

"लोखंडी पाइपातून. असंल कुठंतरी गाडलेला. कोण ध्यानात ठेवते?" म्हणत ते गेलेही.

भिंतीपलीकडे त्यांचीच संत्र्याची बाग होती. झाडांची पानं मलूल झालेली, आणि विहिरीवरची मोटर मात्र घुमत होती. मानसी आणखीच गोंधळली. "झाडं सुकून राहिली, मग पाणी जाते कुठं?"

"सुकून नाही, ताण देऊन राहिले," अमिता म्हणाली. तिच्या घरचीही बाग होती. "मृगात फूल यावं म्हणून बागेचं पाणी तोडतात. मोटर घरच्या टाकीसाठी. विजेची लाइन आली की आपोआप सुरू होते. काल तर दिवसभर लाइनच नव्हती."

मानसी धावत पायरीकडे गेली. दगडाखालून पाणी झिरपत होतं. बागेचा व्हॉल्व्ह बंद, म्हणून सारा जोर त्या जुन्या पाइपात शिरत होता.

पण पुंडलिकराव पोरांचं ऐकणार थोडेच? दुसऱ्या दिवशी सौरभ त्यांच्या बायकोला, शकुआजींना विचारून मोटर बंद करून तिथंच थांबला. इकडे मानसीनं पुंडलिकरावांना कोरड्या पायरीवर बसवलं. "स्टेडियमचा इतिहास सांगा ना, आजोबा."

ते रंगात आले. अमितानं भिंतीवरून सौरभला हात हलवला, मोटर सुरू झाली. बैलगाड्यांपर्यंत गोष्ट पोचते न पोचते तोच पुंडलिकराव चपापून उठले. पांढरंशुभ्र धोतर मागून चिंब झालं होतं.

"हे तुमच्याच विहिरीचं पाणी. त्यानंच पायऱ्या खचून राहिल्या," मानसी म्हणाली. तिनं खूण केली, मोटर थांबली आणि हळूहळू झिरपणंही थांबलं.

खोदल्यावर फुटका पाइप सापडला. तो बंद केला, इंजिनिअरनं पाया तपासून शाबूत ठरवला. पुंडलिकरावांनी तिघांना जवळ बोलावलं. "माह्या बापाच्या पायऱ्या मीच पाडाले निघालो होतो. या पोट्ट्यांनी वाचवल्या."

सामन्याच्या दिवशी गजेंद्रमामानं पहिला बॉल अडवला तेव्हा सारं सौसर पायऱ्यांवर उभं राहून ओरडलं. पुंडलिकराव सगळ्यात खाली होते. परत बसताना त्यांनी आधी हातानं दगड चाचपून पाहिला.