एकाच गव्हाचे दोन पाव

शाल्मलीला एक कोडं सुटत नव्हतं. गहू तोच, पोतंही तेच. तरी घरच्या यंत्रमानवाने केलेला पाव खाल्ला की तासाभरात तिचं पोट फुगून दुखू लागायचं, आणि आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, केलेला पाव खाल्ला की काहीच व्हायचं नाही.

शाल्मली राहायची ती वसाहत रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रावर तरंगत होती. बारा दिवसांनी तिच्या शाळेची पाणबुडी प्रवाळ पाहायला खोल जाणार होती, सहा तासांसाठी. मागच्या वेळी तिचं पोट दुखलं म्हणून सगळ्या वर्गाला अर्ध्यातून वर यावं लागलं होतं. या वेळी आपण जायचंच नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिचे आजोबा, डॉ. श्रीरंग पाध्ये, सूक्ष्मजीवांचे अभ्यासक होते. नातीचा उतरलेला चेहरा त्यांच्या लक्षात आला. त्यांनी आधी डॉक्टरांचा अहवाल पुन्हा वाचला. तिला सिलिॲक (ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) नव्हता. असता, तर गव्हाचा कुठलाच पाव चालला नसता.

मग दोघांनी प्रयोग मांडला. पिठ्या, म्हणजे त्यांचा यंत्रमानव, यीस्ट घालून तासाभरात पाव तयार करी. आबा आंबवण, म्हणजे बरणीत आधीपासून आंबवत ठेवलेलं पीठ, मिसळून कणीक अठरा तास ठेवत. पिठ्याने कधी एका पावाचा, कधी दुसऱ्याचा तुकडा शाल्मलीला द्यायचा, पण कुठला ते सांगायचं नाही. शाल्मलीने आपलं पोट कसं आहे ते लिहून ठेवायचं. आठवड्याने तिची वही पिठ्याच्या नोंदींशी ताडून पाहिली, तर दुखलेले सगळे दिवस झटपट पावाचे निघाले.

आबांनी तिला जवळ बसवून समजावलं. गव्हात फ्रुक्टान (साखरेच्या कणांची साखळी) असतं. ती साखळी तोडायची कात्री माणसाच्या आतड्यात नसते. म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जीवाणू ती खाऊन वायू सोडतात. बहुतेकांना ते जाणवत नाही, नाजूक पोटाला मात्र दुखतं. आंबवणातल्या सूक्ष्मजीवांकडे ती कात्री असते, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

"म्हणजे जो वायू माझ्या पोटात व्हायचा, तो आधीच कणकेत होऊन जातो?" शाल्मलीने विचारलं.

"बराचसा," आबा म्हणाले. "दोष तुझ्या पोटाचाही नाही आणि गव्हाचाही नाही. आपण घाई करत होतो."

सहलीच्या तीन दिवस आधी आबांनी पाव भाजला आणि शाल्मलीने तो जपून फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाव कडक, चामट. तिचे डोळे भरून आले. आबांनी तिला कुशीत घेतलं आणि चूक तिची नसून आपण सांगायला विसरलो, असं कबूल केलं. भाजताना पिष्टाचे (पिठातल्या मुख्य घटकाचे) रेणू विस्कटतात. थंड झाल्यावर ते पुन्हा ओळीत लागतात, आणि पाव कडक होतो. फ्रिजच्या गारव्यात हे सगळ्यात लवकर घडतं. त्याहून थंड फ्रीझरमध्ये पाणीच गोठतं, मग रेणूंना हलता येत नाही.

दोघांनी नवा पाव भाजला. पूर्ण निवल्यावर त्याचे काप करून, हवाबंद पिशवीत घालून, फ्रीझरमध्ये ठेवले. समुद्राच्या दमट हवेत बाहेर ठेवलेल्या पावाला दोन दिवसांत बुरशी येई. तेवढाच भाग काढून बाकीचा खायचा नाही, बुरशीचे तंतू आतवर गेलेले असतात, हेही आबांनी बजावलं.

सहलीच्या सकाळी चार काप गरम करून तिने डब्यात घेतले. दुपारी चाळीस मीटर खोल, काचेला नाक लावून, तिने ते खाल्ले. बाहेर जांभळ्या प्रवाळातून माशांचे थवे जात होते. एक तास गेला, दोन गेले. पोट आहे हेच ती विसरली होती.

घरी आल्यावर तिने आंबवणाच्या बरणीत मूठभर पीठ आणि पाणी घातलं. वसाहतीत अशा नाजूक पोटाची आणखी कितीतरी माणसं असतील, आणि उद्या चंद्रावर राहायला जाणाऱ्यांतही असतीलच, असं तिला वाटलं. त्या सगळ्यांसाठी पाव करायला आबा एकटे कसे पुरणार?

ती पिठ्याकडे वळली. "अठरा तास थांबायला शिकशील?"

पिठ्याने क्षणभर हिशोब केला. "तू शिकवलंस तर," तो म्हणाला.