तिसरी ट्रायल

ही गोष्ट खरी आहे. पटलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पण ती माझ्या मावसबहिणीसोबत घडली, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही. तिला साधी सबबसुद्धा धड सांगता येत नाही.

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. इथे भर दुपार होती.

फेब्रुवारीतला शनिवार. तीन वाजलेले. कॉलेजचा तिसरा मजला, शिवणकामाची कार्यशाळा, आणि मोठमोठ्या खिडक्यांतून लख्ख ऊन.

बहीण नाटकांची वेशभूषा शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तोंडात सतत टाचण्या धरायची सवय, अंगानेही टाचणीसारखीच बारीक, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. मीही तेच म्हणते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका नाटकासाठी पाच पोशाख स्वतः बेतून, शिवून मांडायचे असत. पाचातला एक कमी पडला तरी वर्ष गेलं. टाचणीने एका घरातली पाच माणसं घेतली. आजोबांचा कोट, वडिलांचा शर्ट, आईचा गाऊन, थोरलीचा स्कर्ट आणि धाकटीचा फ्रॉक.

पहिले चार तिने जुने केले. स्टेजवर कोरा कपडा खोटा दिसतो, म्हणून कोपरं पॉलिश पेपरने घासली, कॉलरी चहाच्या पाण्यात बुडवल्या. फ्रॉक तेवढा कोरा ठेवायचा होता. तिच्या नाटकातली धाकटी तो अंगात घालण्याआधीच जाते.

टाचणीची धाकटी बहीणही तशीच गेली होती. सात वर्षांपूर्वी. नऊ वर्षांची असताना, चार दिवसांच्या तापात. मावशीने तिच्या फ्रॉकसाठी आणलेलं कापड कपाटात तसंच राहिलं. मावशीने शिलाई मशीन मिटलं ते मिटलंच, वर वर्तमानपत्रांचा ढीग चढत गेला. त्या घरात कोणी रडायचं नाही, कोणी तिचं नाव काढायचं नाही. टाचणी मला एकदा म्हणाली होती, "मला आत काही वाटतच नाही गं. दात काढताना बधिर करतात ना, तसं."

तिने मावशीला न विचारता तेच कापड घेतलं. मापं मावशीच्या जुन्या वहीतून उतरवली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अठ्ठावीस इंच. कापड उरलं, म्हणून खाली तीन आडव्या दुमडी घालून शिवल्या. प्रत्येकीत दोन इंच. मूल वाढलं की एकेक उसवायची, म्हणजे फ्रॉक लांब होतो. मावशी असंच करायची.

चूक झाली ती पुढे.

मापाच्या कागदावर घालणाऱ्याचं नाव लिहावंच लागे. बाकीच्यांनी मैत्रिणींची, भावांची नावं टाकली. टाचणीने लिहिलं, 'धाकटी'.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "धाकटी कोण?"

"बहीण."

"मग तिला ट्रायलला बोलाव. तीन ट्रायल झाल्याशिवाय मी सही करणार नाही, माहितीये ना?"

'ती नाही आता,' एवढं सांगायचं होतं. पण ते सांगायला तोंड उघडेना. टाचणी "हो" म्हणाली आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने वेळ लिहिली. तीन शनिवार, दुपारी तीन.

एका परीने तिने आमंत्रणच दिलं.

पहिल्या शनिवारी ती एकटीच कोटाला इस्त्री करत होती. फ्रॉक ट्रायलच्या कोपऱ्यात, पडद्याआड टांगलेला. बाटलीत पाणी भरायला ती दोन मिनिटं बाहेर गेली. परतली, तेव्हा...

पडद्याच्या कड्या वाजल्या. कोणीतरी पडदा ओढून घ्यावा तशा.

"कोण आहे?"

आत कोणी नव्हतं. फ्रॉक होता तिथेच होता. फक्त खालची एक दुमड उसवलेली. दोरा कापलेला नव्हता, अख्खा ओढून काढून बोटावर गुंडाळल्यासारखा स्टुलावर ठेवलेला.

आणि दुमडीच्या जागी एक मळकट रेघ होती... वर्षभर वापरून, धुऊन पडते तशी. फ्रॉक शिवून जेमतेम पाच दिवस झाले होते.

"वर्गातल्या टवाळांचं काम असणार," तिने मला फोनवर सांगितलं. आवाज अगदी सपाट होता. "पण रेघ मस्त जमलीये. मला नसती जमली."

दुसऱ्या शनिवारी ती गेलीच नाही. शुक्रवारीच कार्यशाळेला कुलूप घालून किल्ली घरी आणली होती.

सोमवारी उघडून पाहते तर दुसरी दुमड सुटलेली. दोरा पुन्हा स्टुलावर. डावं कोपर झिजून पातळ झालेलं, आणि डाव्या बाहीच्या कडेला...

शिसपेन्सिलीची काळपट चमक. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांच्या बाहीला येते ती.

धाकटी डावखुरी होती. हे कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं.

"घाबरली नाहीस?" मी विचारलं.

"घाबरायला हवं होतं," ती म्हणाली. "मी वाट बघितली भीती वाटायची. नाही वाटली."

खरं सांगते, त्या वाक्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

मॅडम मात्र वैतागल्या. "कागदावर अठ्ठावीस, फ्रॉक बत्तीस! हा काय पोरखेळ आहे? मंगळवारी बाहेरचे परीक्षक येणार. शनिवारी शेवटची ट्रायल घे आणि माप पक्कं कर. नाहीतर हा कपडा मांडायचा नाही." म्हणजे चारच पोशाख. म्हणजे वर्ष गेलं.

तिसऱ्या शनिवारी टाचणी अडीचलाच जाऊन बसली. टेप गळ्यात, टाचण्या तोंडात. पडदा उघडा, आत फक्त फ्रॉक आणि स्टूल.

तीन वाजले.

खालच्या रस्त्यावरचे हॉर्न थांबले. भिंतीवरचा पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना. मग...

कड्या वाजल्या. पडदा तिच्या डोळ्यांसमोर सरकत सरकत बंद झाला.

आत दोरा ओढल्याचा आवाज आला. एक लांब, सलग आवाज.

ती उठली आणि पडद्यासमोर गुडघ्यांवर बसली. लांबी घेताना असंच बसतात. पडद्याखालून जमीन दिसत होती. तिथे पाय नव्हते.

"घट्ट होतोय का?" तिने विचारलं. ट्रायलला सगळ्यांना विचारायची तसं.

पाठीवरची शिवण टर्रकन उसवल्याचा आवाज आला.

टाचणीने टेपचं टोक पडद्याच्या फटीतून वर धरलं. का धरलं, तिला आजही सांगता येत नाही.

टेप ताणली गेली.

वर कोणीतरी ते टोक खांद्याशी धरलं होतं. घट्ट धरलं होतं. टाचणीने गुडघ्याच्या अंदाजाने आकडा वाचला. एकोणचाळीस. तिन्ही दुमडी सोडूनही फ्रॉक चौतीसचाच. पाच इंच तोकडा.

सोळा वर्षांच्या मुलीला तोकडाच होणार.

"उतरव," टाचणी म्हणाली. "मोठी झालीस तू."

मग टेप सैल पडली. बाहेरचे हॉर्न पुन्हा सुरू झाले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते तिला हनुवटीवरून थेंब पडल्यावर कळलं. आत अजूनही काही वाटत नव्हतं, ती म्हणते. फक्त डोळे आपले वाहत होते.

मापाच्या कागदावर तिने अठ्ठावीस खोडून चौतीस केलं. मॅडमनी सही केली. मंगळवारी फ्रॉक आहे तसा मांडला, उसवलेल्या पाठीसकट. परीक्षक त्याच्यापाशी बराच वेळ थांबले.

"हा खरंच वर्षानुवर्षं घातलेला वाटतो. काय वापरलंस?"

"काही नाही, सर," टाचणी म्हणाली.

ती पास झाली.

संध्याकाळी मावशी प्रदर्शन बघायला आली. मी सोबत होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलंय. कापड तिने दारातूनच ओळखलं. टाचणीचा चेहरा पांढराफटक पडला. फ्रॉकची खालची कड उलटून मावशीने तीन मळकट रेघा एकेक करून बोटाने चाचपल्या, मग झिजलेलं डावं कोपर, मग बाही. नखाने ती पेन्सिलीची चमक हळूच खरवडली.

मग टाचणीकडे वळून, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं,

"आत्ताचं माप घेतलंस का तिचं?"

टाचणीने मान डोलावली. "एकोणचाळीस."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. मशीनवरची वर्तमानपत्रं गेलीत. दाराला एक नवा ड्रेस टांगलाय, लांब, फक्त कच्चे टाके घातलेला. खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून पडदा लावलाय. दोघी आता एकमेकींशी बोलतात, हसतातसुद्धा. मला बरं वाटायला हवं.

मशीनवर मावशीची जुनी वही उघडी होती. नव्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'पहिली ट्रायल, शनिवार, दुपारी तीन.'

"ये ना तू पण," मावशी म्हणाली. "तिला बरं वाटेल."

आज शुक्रवार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.