आईचा होकार

प्रयोगशाळेतल्या चाचणीखोलीचं दार बंद होतं. आत रेवा होती आणि बाहेर तिची आई, डॉ. शर्वरी निजसुरे, ओढणीचं टोक पिळत येरझारा घालत होती. स्वतः संशोधिका असली म्हणून काय झालं? पोरीची परीक्षा म्हटल्यावर आई ती आईच.

रेवाला सहा पुरी होऊन सातवं लागलं होतं. जन्मतः श्रवणतंतूच नाहीत, त्यामुळे कानात बसवायची यंत्रं तिच्या काही कामाची नव्हती. म्हणून शर्वरीने आपली सगळी विद्या पणाला लावून 'वाचासेतू' घडवला. डोक्यावर बारीक पट्टा आणि गळ्यात बिल्ला. पट्टा मेंदूलहरी टिपायचा, त्यांतून मुलाच्या मनातला अर्थ ओळखायचा आणि बिल्ला तो गोड आवाजात बोलून दाखवायचा. आईचं बोलणं बिल्ल्याला ऐकू यायचं आणि त्याची कंपनं होऊन ते मुलाच्या कातडीपर्यंत पोचायचं.

पण लहरींचा अर्थ बरोबर लागला की नाही हे यंत्राला सांगणार कोण? शर्वरीचं उत्तर तयार होतं. मातृपडताळणी! यंत्र बोललं, की आईने फक्त होकार द्यायचा किंवा नकार. होकार आला की यंत्र तो अर्थ पक्का करणार. लेकराच्या मनातलं आईला नाही विचारायचं तर काय कावळ्याला विचारायचं? सगळ्या तज्ज्ञांनी माना डोलावल्या होत्या.

एक पथ्य मात्र कडक होतं. घरात हातवारे बंद. हातांची भाषा मध्ये आली तर लहरी गढूळ होतील, असं शर्वरीचं मत. रेवाची कमलआत्या स्वतः बहिरी, हातांनी झरझर बोलणारी. तिच्याकडून रेवा तिसऱ्या वर्षापर्यंत पाणी, मांजर, झोप, असं बरंच काही हातांनी सांगायला शिकली होती. शर्वरीने नणंदेची सांगलीला पाठवणी केली. कमलआत्या जाताना काहीतरी हातांनी सांगत राहिली, पण शर्वरीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं, खरं सांगायचं तर.

आणि वाचासेतू बोलू लागला. कसं बोलू लागला! 'आई, आज तू दमलीस का गं?' असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शर्वरी स्वयंपाकघरात खाली बसून हमसून हमसून रडली होती. आता तर आणखी कितीतरी घरांतली लेकरं अशी बोलत होती.

फक्त अझीम पटवेकरांना चैन पडत नव्हतं. मेंदूचे तज्ज्ञ, शर्वरीचे एके काळचे शिक्षक, स्वभावाने चिवट. आजची चाचणी त्यांचीच. डब्यात एक वस्तू ठेवायची, ती रेवाने आईशिवाय बघायची आणि बाहेर येऊन आईला सांगायची. वस्तू आंबा असणार, हे त्यांनी आणि शर्वरीने मिळून ठरवलं होतं. शर्वरीने मग सकाळी वेणी घालताना रेवाला बिल्ल्यापाशी तोंड नेऊन हळूच सांगून टाकलं होतं, डब्यात आंबा असेल हं, नीट सांग. परीक्षेआधी कुठली आई इतपत सांगत नाही?

दार उघडलं. रेवा धावत बाहेर आली. तिचा चेहरा कधी नव्हे इतका फुलला होता.

"काय होतं गं डब्यात?" शर्वरीने विचारलं.

"आंबा, आई! पिवळाधमक!" बिल्ला म्हणाला.

शर्वरीने तिला कवेत घेतलं, आणि तिथेच थबकली. रेवाच्या निळ्या फ्रॉकवर पुढून सगळीकडे पांढरे, मऊ केस चिकटले होते.

मागून अझीमसर आले. त्यांच्या हातात ससा होता.

"ऐनवेळी मी बदललं," ते म्हणाले. "शर्वरी, यंत्र तिच्या लहरी वाचत नाही. सुरुवातीला वाचत असेल. पण तू त्याला शिकवलंस काय? तुझा होकार मिळवायला. पोरीच्या मनातलं ओळखणं अवघड, तुझ्या मनातलं सोपं. ते दिवसभर तुझं बोलणं ऐकतं, तुझा सूर ओळखतं आणि तुला हवं ते बोलतं. इतकी वर्षं तू स्वतःशीच बोलत होतीस."

शर्वरीने विचारलं, मग रेवाची भाषा? तिच्या आत काहीतरी असेलच ना?

अझीमसरांनी सशाच्या पाठीवरून हात फिरवला. मेंदूत भाषेचा पाया पहिल्या पाचसहा वर्षांत पडतो, ती कानाची असो की हातांची, हे ते तिला वर्गात शिकवत असत. आता त्यांनी एवढंच सांगितलं की कमलताईंना आजच बोलावून घे, जे हाती लागेल ते लागेल. फार लागेल असं मात्र ते म्हणाले नाहीत.

हाताला आलेली भाषा तिनेच सांगलीला धाडली होती. काय केलं हे मी, काय करून बसले, असं मनाशी म्हणत शर्वरी खाली बसली. डोळ्यांना धार लागली आणि तोंडून हुंदका फुटला.

"रडू नकोस ना आई," बिल्ला हळुवार म्हणाला. "मला तुझं सगळं कळतं."

रेवा आईकडे बघतही नव्हती. अझीमसर ससा घेऊन आत गेले होते आणि ती त्या बंद दाराकडे टक लावून उभी होती. फ्रॉकवरचा एक पांढरा केस तिने चिमटीत धरला होता.

शर्वरीने बिल्ला काढायला हात पुढे केला. हात रेवाच्या गळ्यापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला.

"हो गं बाळा," ती म्हणाली.

आणि यंत्राने तेही उत्तर पक्कं केलं.