बारा मासे आणि जास्वंदीचं तेल

प्रेमानं माणसाच्या आयुष्याला झळाळी येते, हे त्रिवार सत्य आहे. देऊळगाव राजाच्या हर्षलच्या बाबतीत मात्र प्रेमानं आधी बारा लाकडी माशांच्या अंगावर देवीचे वण उठवले.

हर्षल गळासाठी लाकडाचे नकली मासे कोरायचा, रंगवायचा आणि वरून दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून होणाऱ्या एपॉक्सीचा काचेसारखा थर द्यायचा. पुण्याच्या हौशी मंडळींनी बारा मासे मागवले होते. पहिलीच मोठी ऑर्डर, आणि थर वाळेना. रंगाच्या दुकानात तो तक्रार करत असताना मागून आवाज आला, "दोन्ही डब्यांतलं मोजता कसं?"

"अंदाजानं."

"अंदाजानं पोहे करतात." ती दीपमाला. लग्नातल्या वरमाला रेझिनमध्ये, म्हणजे तशाच एपॉक्सीत, गोठवून द्यायची. "मी अंदाजानं केलं असतं तर नवरीचा नवरा टिकला असता, हार नसता टिकला."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या घरचा वजनकाटा घेऊन त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर. चिकटपणा गेला, तर बुडबुडे आले.

"एवढं फेटता काऊन? भजे तळायचे हायेत का?" म्हणत तिनं त्याचं मनगट धरलं आणि काडी हळू... अगदी हळू फिरवली. बुडबुडे गेले. हर्षलची झोपही गेली.

मग पडले खड्डे. प्रत्येक माशाला दोन, एक पाठीवर, एक पोटावर. हर्षल हादरला. वजन बरोबर, हात हलका, तरी खड्डे! दोनदा घासून नवा थर दिला, दोन्ही वेळा तेच. आईनं, सत्यभामाबाईंनी, दाराला लिंबू-मिरची बांधली. खड्ड्यांना त्याचं काही वाटलं नाही.

शुक्रवारी दुपारी दीपमालानं एक मासा उचलला, हर्षलचा अंगठा एका खड्ड्यावर ठेवला, बोट दुसऱ्यावर. तंतोतंत बसले. मग तिनं त्याची बोटं हुंगली.

"जास्वंदीचं तेल?"

"...हो."

"तेलावर एपॉक्सी धरत नाही, बाजूले सरकते. डोक्याले कधीपासून लावता?"

"तुम्ही येऊन राह्यल्या तेव्हापासून."

हे आपण बोललो, यावर हर्षलचा विश्वास बसेना. पण जीभ सुटलीच होती. "तुमची गाडी वाजली का केसांवरून हात फिरवतो... मग मासा धरतो."

दीपमाला माशाकडे बघत राहिली. मासा दोघांकडे बघत राहिला.

"आता खोड सापडली," हर्षल हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्ही उद्यापासून येणार नाही."

"ह्या आठवड्यात माझ्या दोन वरमालांले खड्डे पडले."

"तुमच्या? कसे काय?"

तिनं वेणी पुढं ओढली. शेडभर वास पसरला.

"चमेली," ती म्हणाली. "आधी मी कोरडेच केस बांधत होती."

हर्षलला धक्का असा बसला, की तो ओल्या ब्रशवरच बसला.

"मग... तुमच्याही मनात तेच आहे, असं समजू?"

"हाव."

तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि बारा माशांकडे नजर टाकली.

"घरात साबण हाय का? भांड्याचा असला तरी चालते. दोघांलेही लागते."