जिन्याखालचा स्विच

धुकं इतकं दाट होतं की ठिणगीला ती वायर दिसलीच नाही. आधी वायर पायात आली, मग ठिणगी एका उभ्या गाडीवर धाडकन जाऊन आपटली.

"लागलं का हो?" धुक्यातून आवाज आला.

"लागलं ते राहू द्या. हे काय आहे?"

ठिणगी म्हणजे आपली वायरिंगवाली. खरं नाव वेगळं होतं, पण ती लहान असताना तिच्या बाबांच्या जोडीदारांनी हे ठेवलं आणि तेच चिकटलं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, खांद्याला अवजारांची पिशवी. निघाली होती गल्लीच्या टोकाला कुणाचा तरी पंखा दुरुस्त करायला. आता पंखा राहिला बाजूला. तिने त्या वायरचा माग काढला. वायर गाडीतून निघून, कुंपणावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट मिक्सरच्या सॉकेटला गेली होती! उरलेल्या वायरचं छान वेटोळं करून खिडकीत ठेवलं होतं. तिने वेटोळ्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"कुणी केलं हे?"

"मी."

"शाबास! वेटोळ्यात वायर तापते, ठाऊक आहे? घर पेटवायचंय का?"

"नाही हो, गाडी चार्ज करायचीय." तो ओशाळून हसला. "विजेची गाडी घेतली, घरी चार्जर बसवायचा राहून गेला. मी डॉक्टर आहे... जनावरांचा."

"वाटलंच. माणसांचे असतात तर भाजणं म्हणजे काय ते कळलं असतं."

त्याच्या चष्म्यावर धुकं साचलं होतं. तो त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. ठिणगीने उगाचच पिशवीतला पाना काढला, परत आत टाकला.

"मग तुम्हीच बसवून द्या ना चार्जर," तो म्हणाला.

झालं! पंखेवाल्यांना त्या दिवशी वाट बघतच बसावं लागलं.

घर डॉक्टरच्या आत्याचं. आत्या गेल्या वर्षी गेली. तिच्यामागे तो एकटाच तिथे राहायचा. विजेचा बोर्ड जिन्याखाली, अंधाऱ्या कोनाड्यात. तिथे बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता, का ते ठिणगीला कळेना. बोर्डाखाली एक लाकडी स्टूल होतं. ते तिने पायाने बाजूला सारलं, मेन बंद केला, त्यावर आपलं छोटं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"कुलूप कशाला? घरात मी एकटाच आहे."

"ते तुम्ही एकटे असलात तरी लावायचं असतं. किल्ली माझ्या खिशात म्हणजे जीव माझ्या खिशात."

दोन दिवस काम चाललं. बोर्डापासून व्हरांड्यापर्यंत जाड केबल, भिंतीवर चार्जरचा डबा, अंगणात खड्डा खणून अर्थिंग. डॉक्टरने दवाखाना सोडून गज धरला, पहार धरली, आणि संधी मिळेल तेव्हा तिची नजरही धरली.

"हात थरथरतोय तुमचा," ती म्हणायची.

"म्हशीपुढे नाही थरथरत."

"म्हणजे मी म्हशीपेक्षा भयंकर?"

"त्या निदान शिंग उगारून सांगतात तरी..."

ती हसू गालात दाबायची. पण त्या कोनाड्यात शिरली की हसू जायचं. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटायचं. अगदी जवळ, मानेवर श्वास लागेल इतकं. एकदा तर डोक्यावरच्या पायऱ्या करकरल्या, एकेक करत, कुणी हळूहळू उतरतंय तशा. "जरा पक्कड द्या हो," ती न बघताच म्हणाली. मागे केलेल्या हातात काहीच आलं नाही. वळून बघते तो डॉक्टर अंगणातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होता.

"जिन्यावर कोण होतं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. पण म्हणताना त्याने जिन्याकडे पाहिलं, आणि ठिणगीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चार्जर सुरू झाला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला. ती कुलूप घेऊन घरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. बंद पडलाय.

ती गेली. बाकी सगळं ठीक, फक्त बोर्डावर चार्जरचा स्विच खाली पडलेला. तिने वर केला, जोड तपासले, परत आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग पुन्हा.

"चार्जर बिघडतोय की डॉक्टर?" आईने विचारलं.

"आई, काहीतरीच काय!"

"मग केस विंचरून कुठे निघालीस? तारेला दाखवायला?"

आता खरं सांगायचं तर ठिणगीला बरं वाटत होतं. माणूस निमित्त काढून बोलावतोय, इतकं तिला कळत होतं, आणि त्या निमित्तासाठी ती फोनकडे डोळे लावून बसायला लागली होती. पण त्या खेपेला तिने स्विचकडे नीट पाहिलं आणि तिचं काळीज गार झालं. भार जास्त होऊन स्विच आपोआप पडला तर त्याची दांडी मध्येच लटकते. ही दांडी पार खाली होती. बोटाने दाबल्यासारखी. आणि तिने दर वेळी कोपऱ्यात सारलेलं स्टूल पुन्हा बोर्डाखाली होतं.

"हा तुम्ही पाडलात."

"नाही. मी गाडीला केबल लावायला गेलो आणि—"

"मग कुणी? घरात तर तुम्ही एकटेच!"

"मी नाही. शपथ."

ठिणगीचा आवाज एकदम खाली आला. "माझे बाबा लाईनवर काम करत होते. मेन बंद करून बसले होते. कुणीतरी अंधार का आहे म्हणून तो चढवला. आम्ही एकेकाला विचारलं. सगळे हेच म्हणाले... मी नाही, शपथ." तिने पिशवी खांद्याला अडकवली. "भेटायचंय म्हणाला असतात तर भेटले असते मी. स्विचशी चेष्टा करणाऱ्या माणसाचं तोंड मला बघायचं नाही. आता पुन्हा बोलावलंत तर चार्जर उपटून नेईन."

ती निघाली, आणि कुंपण ओलांडायच्या आत रडली. त्याचं खरं असावं असं तिला इतकं वाटत होतं, इतकं... पण खरं असणार कसं?

बरेच दिवस गेले. आणि एका संध्याकाळी फोन आलाच. "बंद पडलाय. मी खोटं बोलत नाहीये. एकदाच या, मग खुशाल काढून न्या."

ठिणगी दातओठ खात निघाली. मागाहून फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही. दिवस मावळत होता, धुकं पुन्हा गल्लीत उतरलं होतं. डॉक्टर व्हरांड्यातच उभा होता.

"अहो, ऐका, मी आत्ताच—"

"एक शब्द नको. टॉर्च धरा."

"पण मी तो—"

"धरा म्हणते ना!"

आणि इथेच तिच्या हातून ती चूक झाली, जी तिच्या हातून कधीच झाली नव्हती. दर वेळी स्विच खालीच असायचा, म्हणून आजही खालीच असणार असं तिने धरलं. जिन्याखाली गेलीच नाही. कुलूप नाही, टेस्टर नाही. रागाच्या भरात डब्याचं झाकण काढलं, ते बाजूला लोंबकळत ठेवलं आणि उघड्या तारांकडे हात नेला.

आत, जिन्याखाली, आवाज झाला. खट्!

ठिणगीने दचकून वर पाहिलं. डॉक्टर तिच्या समोर उभा होता, दोन्ही हातांनी टॉर्च धरून, पांढराफटक. त्याच्या चष्म्यात एक हिरवा ठिपका चमकत होता. तिच्या डोळ्यांदेखत तो विझला.

म्हणजे झाकणावरचा दिवा चालू होता, रागात तिने पाहिलाच नव्हता. म्हणजे तारांत वीज होती. आत्तापर्यंत.

तिचं बोट तारेपासून तांदळाच्या दाण्याएवढं लांब होतं.

"मी मघाशी स्विच वर केला होता," तो कसाबसा म्हणाला. "तुमची खेप वाचेल म्हणून. तेच सांगत होतो... फोनही केला..."

"आत कोण आहे?"

"कुणी नाही."

ती धडपडत उठली. दोघं आत गेले. घर रिकामं होतं. चार्जरच्या स्विचची दांडी पार खाली होती आणि बोर्डाखाली स्टूल सरळ उभं होतं. कोनाड्यात तोच गारठा. ठिणगी त्याच्या बाहीला धरून उभी राहिली.

"आत्या ठेंगणी होती," डॉक्टर हळूच म्हणाला. "बोर्डाला हात पुरायचा नाही तिचा. आणि विजेची भारी धास्ती. कुणी साधा बल्ब बदलायला घेतला तरी ही स्टुलावर चढून आधी स्विच पाडायची. मी गाडीची केबल हातात घेतली की तो पडायचा... मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मेलेल्या आत्याने स्विच पाडला म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा आला असता?"

"वेड्यात काढलं असतं."

"तेच. स्विच मी पाडला नाही. पण तो पडला की मला आनंद व्हायचा. आता ही येणार... म्हणून. तेवढा गुन्हा कबूल आहे. मला तुम्ही आवडता. आणि मघाशी तुमचा हात तारेकडे जाताना पाहिला ना, तेव्हा..."

ठिणगीने डोळे पुसले. मग जिन्याकडे बघून, मोठ्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आत्या, आता काळजी करू नका. मी शिकवते ह्याला."

वर कुठेतरी एक पायरी करकरली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

काम अर्धवट होतं, झाकण उघडं होतं. तिने सवयीने पिशवीतून कुलूप काढलं. क्षणभर हातात धरलं, आणि परत आत टाकलं.

"तुम्ही इथे उभे राहा. बोर्डापाशी. मी बाहेर झाकण लावून येते. कुणालाही हात लावू द्यायचा नाही."

बाबा गेल्यापासून हे ती कुणालाच म्हणाली नव्हती. ते त्याला कळलं असावं, कारण तो स्विचपुढे पाठ टेकून असा उभा राहिला की वारासुद्धा पलीकडे जाऊ नये.

"आणि आत्याने हात लावला तर?"

"त्यांना लावू द्या. त्या बंदच करतात. तुम्ही मात्र मी हाक मारेपर्यंत चढवायचा नाही."

"हाक कशी माराल? डॉक्टर म्हणून?"

"बघू... सुचेल काहीतरी."

ती बाहेर आली. टेस्टर लावून पाहिला, आणि मग उघड्या तारांत हात घातला. एकदाही वळून दाराकडे पाहिलं नाही. सगळे जोड आवळले, झाकण बसवलं, कपाळावरचा घाम पुसला. धुक्यात समोरचं कुंपणही दिसत नव्हतं.

"ए," तिने हाक मारली, आणि आपल्याच आवाजाने लाजली. "चढव रे आता!"

आतून हसू आवरत, अगदी जपून, तो म्हणाला, "चढवतो गं."